पाय जमिनीला टेकेपर्यंत

शनिवार, १४ सप्टेंबर

अंबरीश आज शिडीवरून पडला. फार वरून नाही, खालून तिसऱ्या पायरीवरून. उजवं मनगट सुजलंय, हाड शाबूत आहे. ग्विन त्याला घरी सोडायला आला तेव्हा दोघंही माझी नजर चुकवत दारात उभे होते.

"पायरी ओली होती," अंबरीश म्हणाला.

मी ग्विनकडे बघितलं. तो पायपुसण्यावर बूट घासत होता. चिखल केव्हाच निघाला होता, तरी घासत राहिला.

ही वही मी हार्नेसची, म्हणजे उंचावर अंगाला बांधायच्या पट्ट्यांची, तुलना लिहायला काढली. तक्ता आखायला बसले आणि हे लिहीत गेले. मराठीत लिहितेय, म्हणजे लेकीला, वरदाला, वाचता येणार नाही.

तर हाय सीट. इथे वेल्समध्ये, ॲबरगव्हेनीच्या पुढे ग्विनचं चाळीस एकराचं जंगल आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला अंबरीशने भूल दिली. जाग आल्यावर ग्विनने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कधी जंगलात नुसते बसलायत का?" तिथून ही मैत्री. ग्विन ओक लावतो, हरणं रोपं खातात, म्हणून दर हिवाळ्यात काही हरणं मारावी लागतात. त्यासाठी झाडाला टेकवलेली बारा फुटी शिडी आणि वर एक फळी, तीच हाय सीट. उंचावरून झाडलेली गोळी जमिनीत जाते, पलीकडच्या कुणाला लागत नाही.

नाशिकच्या घरातला माणूस, अंडंसुद्धा लग्नानंतर खायला लागला, आणि बंदुकीचं सर्टिफिकेट काढतो, यावरून मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. अकरा वर्षांत त्याने चार हरणं मारली. बाकी सगळा वेळ तो बसून असतो.

तीस वर्षं मी कार्डिफच्या शाळेत फिजिक्स शिकवलं. बारा फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर ताशी एकोणीस मैलांनी आदळतो. आमच्या गल्लीतली वेगमर्यादा वीस आहे.

सोमवार, १६ सप्टेंबर

"बास झालं आता. एकसष्ट वय झालं तुझं," मी म्हटलं.

तो डाव्या हाताने चहा ढवळत होता. "वर गेलं की डोक्यातला गोंगाट थांबतो, सुनेत्रा."

"कसला गोंगाट? रिटायर होऊन दोन वर्षं झाली."

एकोणसाठाव्या वर्षी त्याने अचानक हॉस्पिटल सोडलं. सगळ्यांना धक्का बसला होता. मला तेव्हा म्हणाला होता, "चूक व्हायच्या आधी निघालेलं बरं." नव्या मॅनेजमेंटला कंटाळला असणार. मी खोलात गेले नाही.

थांबवणं माझ्या हातात नाही. बांधणं आहे. त्याला वर जायचं असेल तर बांधून जाईल.

शनिवार, २१ सप्टेंबर

आठवडाभर वाचतेय. बरंच कळलं.

कमरेचा पट्टा बाद. ग्विनकडे तोच आहे, वीस वर्षांचा. पडलं की माणूस उलटा होतो नाहीतर बरगड्या आवळल्या जाऊन श्वास कोंडतो. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणाराच हार्नेस हवा.

हार्नेसचा पट्टा झाडाला बसल्या जागी डोक्याच्या वर बांधायचा, आणि आखूड. सैल राहिला तर माणूस आधी तीन फूट पडतो आणि मग दोर हिसका देतो. माणूस मरतो तो हिसक्याने. हे मी मुलांना रबरबँड आणि खडू घेऊन शिकवायचे.

नुसतं अडकून राहणंही वाईट. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, थोड्या वेळात माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून पाय ठेवायला फास असलेला एक जादा पट्टा खिशात हवा.

पण बहुतेक जण बसलेले असताना पडतच नाहीत. चढताना, उतरताना, शिडीवरून फळीवर पाय टाकताना पडतात. त्यावर उपाय म्हणजे जीवनदोर. झाडाच्या वरच्या बाजूला एक टोक बांधायचं, दुसरं खाली जमिनीपर्यंत. त्यावर एक सरकती गाठ, आणि गाठ हार्नेसला जोडलेली. जमिनीवरच अडकवायचं, चढताना गाठ हाताने वर सरकवत न्यायची, उतरताना खाली. पडलात तर गाठ आवळते आणि तिथेच धरते. म्हणजे जमीन सुटल्यापासून पुन्हा पाय टेकेपर्यंत माणूस एक क्षणही मोकळा नसतो.

हेच घ्यायचं.

रविवार, २९ सप्टेंबर

आज स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीला दोर बांधून अंबरीशने मला ती सरकती गाठ शिकवली. प्रुसिक म्हणतात. मी पुस्तकातली चित्रं बघून दोनदा चुकले. त्याने मनगटाला पट्टी असूनही बघता बघता बांधली. पातळ दोरीचा फास जाड दोराभोवती तीनदा, आपल्याच पोटातून बाहेर.

"आता ओढ," म्हणाला.

मी लोंबकळले. खुर्ची पडायची बाकी राहिली, गाठ हलली नाही.

"आता ओढू नकोस. वरून मुठीत धर आणि हळूच ढकल."

लोण्यातून सुरी जावी तशी सरकली. मी पुन्हा ओढलं, पुन्हा घट्ट.

"जोर लावला की धरते, सैल सोडलं की जाते," तो म्हणाला. खूप दिवसांनी असा हसला. त्याची बोटं अजून तशीच आहेत, मी बघत बसले.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

गंमतच झाली. मी निवडलेला हार्नेस गेल्या गुरुवारी आला. आज दारात आणखी एक खोकं. उघडलं तर तोच, त्याच मापाचा. अंबरीशने मागवलेला! आणि संध्याकाळी शेजारीण तिच्याकडे ठेवलेलं आणखी एक घेऊन आली. तोही तोच.

"तीन कशाला रे?"

तो खोक्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक ग्विनला. एक... असू दे जादा."

एवढे दिवस "बघू, बघू" करत होता. आता मनावर घेतलंय म्हणायचं. मला बरं वाटलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दोर लावायला मी पण जंगलात गेले. ग्विनच घ्यायला आला. हल्ली तोच येतो. कार्डिफमध्येही अंबरीश मलाच गाडी चालवायला लावतो, म्हणतो, मला खिडकीतून बघू दे. तीस वर्षं ड्यूट्यांना धावला, बघू दे.

ग्विन चौऱ्याहत्तरचा, बदललेला खुबा घेऊन माझ्याआधी शिडी चढला. शिडी खोडाला दोन ठिकाणी आवळली, जीवनदोर बांधला. मी खालून सूचना देत होते. "येस, मिस," ग्विन म्हणाला.

अंबरीश अडकवून चढला, बसला, उतरला. दोनदा. उतरताना एकदा मधेच थांबला, तेव्हा ग्विन सहज बोलल्यासारखा म्हणाला, "गाठ, डॉक्टर." मग उतरला. त्याच्या डाव्या तळहातावर पेनने काहीतरी लिहिलं होतं: अडकव, सरकव, चढ. हॉस्पिटलमध्येही तो हातावर लिहायचा, मी कितीदा ओरडले असेन.

त्याची बंदूक दिसली नाही. विचारलं तर ग्विन म्हणाला, "गनस्मिथकडे आहे. जरा काम आहे तिचं."

"केव्हापासून?"

"वसंतापासून."

कामाला इतके महिने! इथले कारागीर म्हणजे. पण मला काय, बंदूक नसलेलीच बरी.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. नाशिकला फोन झाले. मग वरदाचा आला, लंडनच्या क्रॉयडनहून.

"आई, बाबा अजून त्या शिडीवर जातो? आणि तो तुटला तर?"

"तुटली. शिडी ती असते."

"Whatever, आई. तू त्याला सांग ना. तो तुझा ऐकतो."

मी तिला हार्नेस, जीवनदोर, गाठ सगळं समजावलं. मग ती म्हणाली, "बाबाने मला काल दोनदा फोन केला. सेम गोष्ट सांगितला. माझ्या स्कूलचा ट्रिप आणि तो बस चुकला तो."

"एकुलती एक मुलगी आहेस. बाप दोनदा फोन करणारच."

"हो, पण सेम, आई. सेम टू सेम."

तिला तिकडे एकटं वाटत असेल. डिसेंबरात ती फ्लॅट बदलणार आहे, मी मदतीला जाईन म्हटलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

उद्या ग्विनबरोबर जायचं म्हणून मी अंबरीशला म्हटलं, गाठ एकदा बांधून दाखव. सहज, सरावासाठी. त्याने दोरी हातात घेतली. एक वेढा घातला. काढला. उलटा घातला. मग दोन्ही टोकं हातात धरून बसून राहिला.

"अरे, तूच मला शिकवलंस!"

"मला नको आहे आत्ता."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"नको म्हणालो ना!" त्याने दोरी भिरकावली. ती डाळीच्या पातेल्यात पडली.

मग माझाही तोल गेला. म्हटलं, दोन महिने मी या दोरांमागे आहे आणि तुला किंमत नाही. मुद्दाम करतोस. मी काही सांगितलं की तुला ते करायचंच नसतं, पहिल्यापासून. इथपासून पार सासूबाईंपर्यंत गेले. तो ऐकत होता. चिडला नाही. माझ्याकडे असा बघत होता, जसं मी काही फार चांगलं बोलतेय.

नंतर मी एकटीने दोरी धुऊन वाळत घातली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

गेला. ग्विन होता बरोबर. निघताना मी त्याच्या मागे जाऊन दारात त्याचे दोन्ही खांदे धरले. "एकच लक्षात ठेव. बाकी सगळं विसरलास तरी चालेल. पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचं नाही. काहीही झालं तरी."

"पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही," तो शाळेतल्यासारखं म्हणाला.

सोमवार, १६ डिसेंबर

हॉस्पिटलमध्ये बसून लिहितेय. तो झोपलाय. काल घडलं ते क्रमाने लिहून काढते, नाहीतर माझ्याच डोक्यात त्याची गाठ होईल.

शुक्रवारी मी क्रॉयडनला गेले. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन झाला. ठीक बोलला. "उद्या जंगलात जाणार आहे. ग्विन येतोय न्यायला."

काल सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. जंगलात फोन लागत नाही, म्हणून आधी काही वाटलं नाही. वरदाला आवराआवरीत सोडून मी ठरल्याप्रमाणे ट्रेन धरली. पॅडिंग्टन स्टेशन सोडल्यावर ग्विनला सहज फोन केला, हरणं दिसली का विचारायला. फोन लागला. म्हणजे तो जंगलात नव्हता. न्यूपोर्टला, बहिणीकडे जेवायला आला होता.

"अंबरीश तुझ्याबरोबर नाही?"

पलीकडे ताटांचे आवाज येत होते. ते बंद झाले. बहुतेक तो बाहेर गेला.

"सुनेत्रा, न्यूपोर्टला उतर. मी स्टेशनवर थांबतो."

"पण तो घरीच असेल. गाडी तो चालवतच..."

"उतर," तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याने मला असं कधी सांगितलं नव्हतं.

जंगलाच्या फाटकाशी आमची गाडी होती. दार सताड उघडं, दिवे पिवळे पडून विझायला आलेले. गवतावर दुपारीही हिम होतं. ग्विनने तिथूनच अँब्युलन्सला फोन लावायचा प्रयत्न केला, लागेना, मग परत टेकाडावर जाऊन लावला. मी पळत पुढे गेले.

तो वर बसला होता, ताठ. हार्नेस व्यवस्थित घातलेला, एकही पट्टा चुकलेला नाही. दोर ताणलेला. शिडीच्या पायथ्याशी एक हातमोजा आणि थर्मास पडलेला. चहा सांडून गोठला होता.

"अंबरीश!"

त्याने खाली बघितलं. ओठ निळे. "आलीस? हे खाली येईना गं. मी ओढतोय. जितकं ओढतोय तितकं घट्ट होतंय."

"ओढू नकोस! गाठ वरून धर आणि सरकव."

"कुठली गाठ?"

मी शिडीवर चढायला लागले तेवढ्यात ग्विनने मला बाजूला केलं. तो वर गेला, अंबरीशच्या पाठीमागून एका हाताने शिडी धरली, दुसऱ्याने गाठ. बोटभर सरकवायची, मग पाय. "डावा, डॉक्टर. आता उजवा. शाब्बास. आता डावा." मी खालच्या पायऱ्यांवर उभी राहून अंबरीशच्या घोट्याला हात लावून प्रत्येक पायरीवर पाय बसवत होते. बारा फुटांना किती वेळ लागला माहीत नाही. झाडाखाली अंधारायला लागलं होतं.

जमिनीवर आल्यावर त्याला कोटात गुंडाळताना ग्विनच्या हाताला त्याच्या खिशातला चाकू लागला. त्याचा नेहमीचा, धारदार. ग्विन रडवेला झाला होता. "तुझ्याकडे हा होता! दोर कापायचा नाहीस?"

अंबरीशने माझ्याकडे बोट केलं. दात वाजत होते तरी स्पष्ट बोलला.

"ती म्हणाली, पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही."

सकाळी आठपासून तीन वाजून गेले होते. सात तास. शरीराचं तापमान तेहतीस.

बुधवार, १८ डिसेंबर

वरदा आली आहे. अंबरीशची दोन बोटं काळीनिळी पडलीत, पण वाचतील म्हणतात.

आज वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूच्या खोलीत नेलं. विचारलं, यांना मेमरी क्लिनिकची पुढची तारीख कधी आहे?

"कसलं क्लिनिक?"

त्या थांबल्या. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बायको आहे, मला माहीतच असणार असं त्यांनी धरलं होतं. अंबरीशला विचारल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही म्हणाल्या. त्याच्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी सांगायला परवानगी दिली. स्वतः सांगवत नाही म्हणाले."

अडीच वर्षं. स्मृतिभ्रंश. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याने एकदा एका औषधाचा डोस चुकीचा भरला. सिस्टरने वेळेवर बघितलं, पेशंटला काही झालं नाही. तो त्याच आठवड्यात ब्रिस्टलला तपासून आला. मला कॉन्फरन्स म्हणाला होता. मी त्याचा शर्ट इस्त्री करून दिला होता. महिन्याभरात राजीनामा.

मी वही मागे चाळतेय. तीन खोकी. तळहातावरचं पेन. वरदाचे दोन फोन. डाळीतली दोरी. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

एक गणित सुटत नाही. दोर नसता तर तो तासाभराने कंटाळून आपला आपण उतरला असता. किंवा पडला असता. मी निवडलेल्या वस्तूने त्याला वाचवलं की सात तास थंडीत बांधून ठेवलं? दोन्ही बाजूंनी मांडून बघते. उत्तर वेगवेगळं येतं.

सोमवार, २३ डिसेंबर

तो घरी आलाय. दुपारी ग्विन आला. अंबरीश झोपला होता. मी चहा केला नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मार्चपासून. त्याने स्वतःच सांगितलं. बंदूक माझ्याकडून डीलरकडे पाठवली. म्हणाला, 'आता मी फक्त बसणार, गोळीचा भरवसा नाही.' गाडी जंगलाकडे आणायची नाही असं वचन घेतलं होतं मी. ते वचन बहुतेक विसरला."

"आणि मी त्याला गाठ बांध म्हणून भांडत होते. एकदा तरी सांगायचंस मला!"

ग्विनने टोपी मांडीवर ठेवली. हळू बोलत होता, शब्द शोधत. "मी त्याला दर वेळी म्हणायचो, सुनेत्राला सांग. तो म्हणायचा, सांगितलं की ती माझ्याशी भांडायची थांबेल. आजारी माणसाशी कुणी भांडत नाही. समजून घेतात. मला अजून थोडे दिवस तिने भांडायला हवंय."

मी उठून ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. जाताना ग्विन म्हणाला, "नोव्हेंबरात एकदा गाडीत मला सांगत होता. म्हणाला, 'काल काय झकास बोलली मला! माझ्या आईपर्यंत पोचली.' एवढा खूश होता."

मंगळवार, १४ जानेवारी

मेमरी क्लिनिक. मला बाहेर बसवलं. तासाभराने तो आला.

"काय विचारलं?"

"कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी विचारलं, डिजिटल चालेल का?"

मी हसले. तो पण हसला. मग पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर म्हणाला, "काटे कुठे काढायचे ते कळेना, सुनेत्रा. मला बारा कुठे असतात ते माहीत होतं. बाकीचे कुठे बसतात तेच..."

मी गाडी सुरू केली नाही. तो म्हणाला, "रागावलीस? तुला सांगितलं नाही म्हणून?"

"हो."

"खूप?"

"खूप."

"बरं," म्हणाला, आणि माझा गिअरवरचा हात धरून बसला.

रविवार, २ फेब्रुवारी

भांडायचा प्रयत्न करते. पंखा का लावलास थंडीत, म्हणून परवा ओरडले. आवाज बरोबर चढला, पण मधेच पाणी झालं. त्याला कळलं बहुतेक. पंखा बंद करून गुपचूप खोलीत गेला.

पोलिसांनी बंदुकीचं सर्टिफिकेट परत घेतलं. गाडीचं लायसन्स आम्ही पोस्टाने पाठवलं. पाकीट त्याने स्वतः चिकटवलं. पत्ता मी लिहिला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तीन आठवडे काही लिहिण्यासारखं नाही. तो दूध कपाटात ठेवतो, मी परत फ्रिजमध्ये ठेवते. वरदा रोज फोन करते. मराठी सुधारतेय तिचं, कारण इंग्रजीत त्याला शब्द लवकर सापडत नाहीत. "बाबा, मी जेवला... जेवले," असं स्वतःच दुरुस्त करते.

काल तिला रडू आलं. "आई, तो मला विसरणार तर मला आधी सांगशील ना? मला असंच कळायला नको."

सांगेन, म्हटलं.

रविवार, १६ मार्च

ग्विनने आम्हाला जंगलात नेलं. कोवळं ऊन होतं. त्याने रोपांभोवती उंच जाळी लावली आहे या वर्षी, आणि एका कापलेल्या खोडावर आम्हा दोघांना बसायला ब्लँकेट टाकलं. मग मुद्दामच लांब, फाटकाकडे गेला.

अर्धा तास काही नाही. मग हेझलच्या झुडपांतून फॅलो जातीची हरणं आली. नऊ माद्या, एकामागे एक, पाय न वाजवता. इतकी जवळ की त्यांचं गवत खुडणं ऐकू येत होतं. अकरा वर्षं हा माणूस काय बघायला जात होता ते मी पहिल्यांदा बघितलं. माझा श्वास अडकला असावा, कारण अंबरीशने माझ्याकडे वळून बघितलं आणि माझं मनगट हातात घेतलं. बोटं बरोबर नाडीवर.

"घाबरलात का?" त्याने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. या माणसाने मला एकदाही तुम्ही म्हटलेलं नाही.

"थोडी," मी म्हटलं.

"घाबरायचं काही नाही. काही दुखणार नाही. मी तुमच्या डोक्याशीच बसलोय, शेवटपर्यंत. जाग येईल तेव्हा मीच दिसेन." आवाज खालचा, स्थिर. हॉस्पिटलमधला त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हजारो लोकांनी ऐकला असेल. "आता दहापासून उलटं मोजा."

मी मोजलं. दहा. नऊ. आठ. तो मान हलवत होता, नाडीवर बोटं तशीच. सातला एका हरणीने मान वर केली. सहाला सगळी थबकली. पाचला ती निघून गेली आणि मी डोळे मिटून घेतले. पुढचे आकडे मनात मोजले, कारण तो वाट बघत होता.

परत येताना गाडीत तो झोपला. घरी आल्यावर "सुनेत्रा, चहा टाक," म्हणाला. मी टाकला.

सातला वरदाचा फोन आला. "आई, बाबा कसा आहे आज?"

"बरा आहे," मी म्हटलं. "जंगलात गेलो होतो. हरणं दिसली. छान गेला दिवस."